नवाबचं घराणं

"मूळ गाव कुठलं?"

नव्या माणसाचा नमस्कार पुरा होण्याआधीच त्यांचा हा प्रश्न यायचा. गावावरून आडनाव, आडनावावरून आजोळ, आणि आजोळ पटलं की मान तिरकी करून ते म्हणायचे, "घराणं बघावं. बाकी आपोआप कळतं." असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आनंद नगरात आमच्या वाट्याला हे आले होते. कारखान्यात आम्ही एकाच सेक्शनला होतो आणि आमची घरंही एकाच गल्लीत होती.

माणसांपेक्षा त्यांना कुत्र्यांची घराणी जास्त पाठ. त्यांच्याकडे अल्सेशियनची जोडी होती, नवाब आणि बेगम. "भोपाळात राहून दुसरी नावं ठेवायची तरी कुठली?" असं ते विचारायचे. नवाबचा बाप, आजा, पणजा, कोण कुठल्या शहरातून आला, हे सगळं लग्न जमवताना कूळ सांगावं तसं सांगायचे. चहा निवला तरी पणजा संपत नसे.

पिल्लं मात्र त्यांनी कधी विकली नाहीत. "पिल्लू विकत नसतात. मुलगी देतात तसं द्यायचं." देण्याआधी ते स्वतः घर बघून येत. एका घरी त्यांनी यजमानांना विचारलं, "फार रागावता का हो तुम्ही?" उत्तर आतून यजमानांच्या बायकोने दिलं. त्या घराला पिल्लू मिळालं नाही.

पुढे नवाब-बेगमच्या एका मुलीला, शाहीनला, त्यांनी घरीच ठेवलं. ती मोठी झाल्यावर तिची जोडी नवाबशीच लावायची ठरवली. त्यांच्या पत्नी दारात थबकल्या. "अहो, बाप आहे तो तिचा!"

"कुत्र्यांत तसं नसतं," ते म्हणाले. "बाहेरचं रक्त आलं की घराणं संपलं."

शाहीनची पिल्लं दिसायला इतकी देखणी, की गल्लीतली मुलं शाळेतून परस्पर तिकडेच जायची. त्यातलं एक त्यांनी वैशाली वहिनींना दिलं. वहिनी मूळच्या नागपूरच्या, इथे एका सरकारी कार्यालयात नोकरीला. त्यांची मुलगी मुग्धा तेव्हा दुसरीत होती. पिल्लाचं नाव तिने ठेवलं जलेबी. नवाबच्या नातीचं नाव जलेबी! त्यांना ते लागलं, पण मुग्धाकडे पाहून हसले.

थंडीत जलेबी आजारी पडली. उलट्या, रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला. पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. लशी वेळच्या वेळी दिल्या होत्या. वहिनींनी रजा टाकली, सलाईन लावून आणल्या, तरी जलेबी गेली. जिन्याखाली मुग्धा गल्लीतल्या एका पिल्लाला पोळी घालायची. त्यालाही तेच जुलाब लागले होते. ते चार दिवस मरगळून पडलं आणि मग उठून पुन्हा पोळी मागायला आलं.

संक्रांतीला मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. वहिनी मुग्धाला घेऊन आल्या होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी वहिनींना गाठलं.

"लस दिली म्हणजे झालं का? ते उकिरड्यावरचं पिल्लू घरात येणार, मुलगी त्याला हात लावणार आणि त्याच हातांनी माझ्या पिल्लाला खायला घालणार! नोकरीवाल्या घरात पिल्लू दिलं, माझंच चुकलं."

वहिनींच्या हातात तिळगुळाची वाटी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, मुग्धाचा हात धरला आणि निघून गेल्या. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमांना त्या आल्या नाहीत.

महिनाभरात आणखी एका घरातलं पिल्लू तसंच गेलं. तिथेही दोष त्या घराच्या फरशीला मिळाला. मग त्यांच्या स्वतःच्या घरातलं पिल्लू आजारी पडलं. त्या घराची फरशी दिवसातून दोनदा फिनाईलने पुसली जायची आणि बाहेरची चप्पल अंगणाच्या आत येत नसे.

त्या पिल्लाला मांडीवर घेऊन ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. रायसेन रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून घेतलं, थोडं एका मोठ्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवलं. अहवाल यायच्या आधीच पिल्लू गेलं. अहवाल आल्यावर आम्ही दोघे पुन्हा गेलो.

बाई भोपाळच्याच, वयाने लहान, बोलायला मऊ. "अंकल, इन बच्चों के माँ-बाप आपस में रिश्तेदार हैं क्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "बाप-बेटी।"

बाईंनी सावकाश समजावलं. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. नवाबमध्ये त्या घडवणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात; एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते, म्हणून नवाब धडधाकट. त्याच्याकडून शाहीनला एक बिघडलेली प्रत मिळाली, तीही धडधाकट. पण दोघांच्या पिल्लांपैकी काहींना दोन्ही प्रती बिघडलेल्याच मिळाल्या. अशा पिल्लावर लशीचाही उपयोग होत नाही.

"वायरस तो वही है, अंकल. सड़कवाला बच्चा उसी से लड़कर ठीक हो जाता है. इनके पास लड़ने को कुछ था ही नहीं. किसी की सफ़ाई का क़सूर नहीं है."

बाहेर आल्यावर मी स्कूटर सुरू केली, पण ते बसले नाहीत. "तू हो पुढे," म्हणाले. रायसेन रोडच्या कडेने, ट्रकांच्या धुळीत, ते पायी घरी आले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी नवाबचं आणि शाहीनचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. घराणं तिथे थांबलं. पाडव्याला मंडळात त्यांनी माईक मागितला. आता पणजा येणार म्हणून सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. ते म्हणाले, "संक्रांतीला मी इथे एका बाईंना बोललो. ती पिल्लं माझ्या हट्टामुळे मेली. त्यांच्यामुळे नाही." आणि खाली उतरले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

ज्यांना हे ऐकायला हवं होतं, त्या वहिनी तिथे नव्हत्याच. म्हणून तिथूनच ते त्यांच्या घरी निघाले आणि वाटेत माझा दंड धरून मलाही नेलं. एकट्याने बेल वाजवायचं धैर्य नव्हतं.

वहिनींनी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "काका, मला बोललात ते मी कधीच सोडून दिलं. पण मुग्धा तेव्हापासून सारखे हात धुते. शाळेतून बाईंचा निरोप आला होता, वर्गातून सारखी उठते म्हणून. कातडी निघालीय बोटांची."

त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. मग आत गेले. मुग्धा टीव्हीसमोर बसली होती. आयुष्यभर खुर्चीत ताठ बसणारा हा माणूस तिच्यासमोर फरशीवर बसला.

"जलेबी तुझ्यामुळे गेली नाही ग."

मुग्धाने आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माझ्या हातांनी नाही?"

"नाही. तुझे हात चांगले आहेत. माझी चूक होती, आणि मी तुला बोललो."

ती पुन्हा टीव्हीकडे वळली. ते तसेच बसून राहिले. शेवटी वहिनींनीच चहा आणला. तो त्यांनी घेतला, पण मान वर केली नाही.

नंतरची वर्षं ते आमच्यात होते, तरी नव्हते. नव्या माणसाला नुसता नमस्कार करत. नवाबला फिरवताना एखादं मूल जवळ आलं की त्याला हात लावू देत, पण स्वतः दुसरीकडे बघत. नवाब आणि बेगम म्हातारे होऊन गेले, पाठोपाठ शाहीन गेली. निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला निघाले. निरोपसमारंभ नको म्हणाले.

स्टेशनवर मी एकटाच गेलो होतो. काकू सामान लावत होत्या. खिडकीशी बसून त्यांनी मला विचारलं, "मुग्धा?"

"दहावीला आहे. मजेत आहे."

"हात?"

"ते तर कधीच थांबलं, काका. तिला आठवतही नसेल."

ते खरं होतं. वहिनींनीच मला सांगितलं होतं, आणि मी काकांना ते आधीही दोनतीनदा सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. ते खाली बघत होते.