तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न

मंडळी, आजचा किस्सा ऐका.

आज इथे जर्मनीत, आखनमध्ये माझी तोंडी परीक्षा होती. तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाले तर युनिव्हर्सिटीतून नावच काढतात. त्यात सकाळपासून अंगात ताप.

प्रोफेसरांनी आधी विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?"

इथे हे नियम म्हणून विचारतात. 'नाही' म्हटलं असतं, तर डॉक्टरांची चिठ्ठी देऊन नवी तारीख मिळाली असती. पण सवयीने तोंडून निघालं, "हो हो, एकदम ठीक." त्यांच्या शेजारी परीक्षेची नोंद ठेवायला बसलेल्या बाईंनी ते लगेच लिहून घेतलं. आता माघार नव्हती.

अर्धा तास काय बोलले, आठवत नाही. काठावर पास झाले.

बाहेर येऊन आईला फोन लावला. "आवाज असा का गं? बरी आहेस ना?"

"एकदम ठीक," मी म्हणाले.

तुमच्यापैकी कोणी घरी खरं सांगतं का?