बाजेवरची तीन वर्षं

किडनी बदलून घरी आलो, तेव्हा ओसरीवर माझ्यासाठी नवी बाज विणून तयार होती. किडनी दिली होती थोरल्या बहिणीनं, आक्कानं. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. त्यामुळे मला जपणं हे साऱ्या घराचं व्रतच झालं. पाण्याचा तांब्या उचलायला गेलो तरी बायको धावायची, "आवं, बसा की. आक्काची ठेव हाय आत." मी बसायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. आटपाडीच्या शाळेत उभं राहून विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेलं. आता आयतं बसायला मिळतंय तर कोण सोडतंय? अशी तीन वर्षं बसलो.

आक्का मात्र डॉक्टरांनी हो म्हणताच मेंढरांमागं माळावर गेली होती.

मिरजेला तपासणीला आम्ही जोडीनंच जायचो. तिसऱ्या वर्षीच्या एका खेपेला डॉक्टरबाईंनी एक नवी तपासणी केली. आडवं झोपवून दोन्ही दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधले. हृदयाचा ठोका पडला की त्याची लाट पायापर्यंत किती वेगानं पोचते, ते यंत्र मोजतं. आधी मी झोपलो, मग आक्का. माझा वेग तिच्यापेक्षा बराच जास्त आला. मी खूश. म्हटलं, "बघ आक्का, माझं इंजिन तुझ्यापेक्षा जोरात हाय."

बाई हसल्या नाहीत. "सर, इथं जास्त म्हणजे वाईट. नळी मऊ असली की धक्का सोसून घेते, कडक झाली की तो तसाच पुढं धावतो. तुमच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. किडनी उत्तम चाललीय, मला काळजी आहे ती हृदयाची." जुन्या आजारपणाचा, रक्तदाबाचा, औषधांचा त्यात वाटा होताच. पण त्यांनी विचारलं, रोज किती चालता? मी तोंड उघडायच्या आत आक्का बोलली, "बाजंपास्नं मोरीपातूर."

विज्ञानाच्या मास्तरची अशी शोभा आजवर कुणी केली नव्हती. पण मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. माझं हृदय थांबलं तर आक्काची चांगली चाललेली किडनीही माझ्याबरोबर जाणार. जपता जपता मी तीच घालवायला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्का दारात हजर. "ऊठ रं." संसर्ग व्हायला नको म्हणून मेंढरांच्या फार जवळ जायचं नाही, असा डॉक्टरांचा दम होता. म्हणून ती कळपामागं आणि मी तोंडाला मास्क लावून बऱ्याच अंतरावर. पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत जाऊन धापा टाकत परतलो. ताटातलं लोणचं गेलं, खर्ड्यातलं मीठ गेलं. बिनमिठाचा खर्डा म्हणजे नुसती शिक्षा, पण खाल्ला. हळूहळू माळ चढायला लागलो, आणि चढताना गाणंही म्हणायला लागलो. मेंढरांनी तक्रार केली नाही.

वर्षानं पुन्हा पट्टे बांधले. आकडा खाली आला नव्हता, पण वाढलाही नव्हता. रक्तदाब मात्र छान उतरला होता. बाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा.

परतीच्या एसटीत आक्का खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "तू बाजंवर बसून हुतास न्हवं, तवा मला लय वाटायचं, माझीच किडनी म्हातारी निघाली. तुला पुरी पडंना."

मी तिची ठेव राखतोय म्हणून मिरवत होतो, आणि तीन वर्षं ती माझ्याकडं बघून आत झुरत होती. तिला काय वाटतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, याची फार लाज वाटली.

आमचा थांबा अजून पुढं होता. अलीकडच्या फाट्यावर गाडी थांबली तशी मी उठलो. "आक्का, हितंच उतरू. चालत जाऊ."

ती माझ्यामागं उतरली. मी पुढं झालो आणि भराभरा चालायला लागलो, तिला मागून नीट दिसावं म्हणून.