बेल्दिबीला बुरूज

मुलीच्या सातवीच्या वर्गात प्रत्येकाला एकेक प्राचीन जागा वाटून दिली होती. तिच्या वाट्याला बेल्दिबी आलं. तुर्कस्तानातलं समुद्राकाठचं गाव. तिथे पुढे झुकलेल्या एका कड्याच्या आडोशाला हजारो वर्षांपूर्वी माणसं राहायची आणि कातळावर रानबोकड रंगवायची. त्याचं मॉडेल करायचं होतं. अट एकच: मुलांनी स्वतः करायचं, पालकांचा हात दिसला की मार्क गेले.

माझा हात लागणार नाही, असं मी तिला कबूल केलं. पण अमेरिकेत चँडलरच्या आमच्या गराजमध्ये दगड, चिखल आणि भिजवलेलं गोणपाट पाहिलं आणि माझ्यातला किल्लेदार जागा झाला. पुण्यात सोसायटीच्या दिवाळीतल्या किल्ला स्पर्धेत मी ओळीने चार वर्षं दुसरा आलो होतो. तो अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

शनिवारी ती पोहायला गेली. तिचा आडोसा छान झाला होता, पण मला ओकाबोका वाटत होता. मी आधी फक्त पायऱ्या केल्या. पायऱ्या आल्या म्हणजे दरवाजा आला, दरवाजा एकटा बरा दिसेना म्हणून दोन बुरूज. मग तटबंदी, पाण्याचं टाकं, उतारावर मोहरी. ती येईपर्यंत सासूबाईंनी पाठवलेले दोन मावळे पहाऱ्यावर उभे होते.

तिने आल्या आल्या दरवाजावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, दे हॅड नो डोअर."

मग शत्रूला अडवायचं कसं, असं मी विचारलं.

"व्हॉट शत्रू? इट्स माय ग्रेड, बाबा."

तिचे डोळे भरले, तेव्हा कुठे माझी मस्ती उतरली. लाज वाटली. सगळं काढून टाकतो म्हणालो, तर आता हात लावू नकोस म्हणाली आणि तिने मला गराजबाहेर काढलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी चोरासारखा मागे उभा होतो. तिने मॉडेलची एक बाजू खरवडून उत्खननात दिसतात तसे थर दाखवले होते. तळाशी गारगोटीची हत्यारं, त्यावर राख, हाडं. सगळ्यात वर माझा किल्ला, जसाच्या तसा. प्रत्येक थराला इंग्रजीत चिठ्ठी. बाईंनी तिला पूर्ण मार्क दिले होते. सगळ्यात वरच्या थराची चिठ्ठी वाचून त्या माझ्याकडे बघत हसल्या, म्हणून मीही वाकून वाचली.

'अगदी अलीकडचा थर. एका प्रौढ पुरुषाची वस्ती. हात अतिशय कुशल. कुणाचं ऐकल्याचा एकही पुरावा सापडला नाही.'