सरकारी भिंतीतला खिळा

पुण्याला शिकायला निघाले त्या सकाळी बापूंनी माझी ट्रंक व्हरांड्यात आणून ठेवली. मी मागे वळून बघतेय म्हटल्यावर कोरड्या आवाजात म्हणाले, "घर न्हाई ते. क्वार्टर हाय." आमची घरची बोली तांड्याची, पण रेल्वेविषयी बोलायचं तर ते मराठीत शिरायचे.

हिंगोली स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरांच्या लाईनीत वाढलेल्या तुम्हा सगळ्यांना ती घरं आठवत असतील. निजामाच्या काळात रुळांबरोबरच आखून बांधलेली, घडीव काळ्या दगडाची, कौलारू. प्रत्येक व्हरांड्याला कमान, छताजवळ झरोके, मागे गल्ली. सगळी इतकी सारखी, की लहानपणी एकदा मी शेजाऱ्यांकडेच जेवायला जाऊन बसले होते. माझे वडील, बापू, गँगमन; रुळांची देखभाल करायचे. सेनगावकडच्या तांड्यातलं मातीचं घर, तेच त्यांच्या लेखी घर. क्वार्टरमध्ये खिळा मारायला सक्त मनाई. "सरकारी भित हाय, जशी घेतली तशी द्यायची." देवाच्या तसबिरीसुद्धा कोनाड्यात टेकून असत. मला फार राग यायचा. या माणसाचा जीव कशातच गुंतत नाही, माझ्यातही नाही, असं मी पक्कं धरून चालले होते.

आता पुण्यात माझा स्वतःचा फ्लॅट आहे, पण परवापरवापर्यंत भिंती कोऱ्याच होत्या. खिळा मारायला हात धजत नव्हता. बापू वारले, तेव्हापासून त्यांचा फोटोही फ्रिजवर टेकवून ठेवलेला होता.

या उन्हाळ्यात जुनी लाईन पाडणार असं कळलं, म्हणून याडीला, म्हणजे आईला, घेऊन गेले. क्वार्टरची दारं कुणी काढून नेली होती. आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीवर चुन्याचे ठिपके दिसले, एकाला एक चिकटून. बुजवलेली भोकं.

"हे काय गं याडी?"

"तुजा फोटो लावायचे. तू सुट्टीत येऊन राहिली म्हणलं की खिळा उपटायचे, चुना भरायचे. तू गेली की पुन्ना ठोकायचे."

"एवढ्या खाली काहून?"

"तिथं समोर जेवायला बसायचे ना."

त्या ठिपक्यांवर हात ठेवून मी रडले. याडी कमानीखाली जाऊन उभी राहिली.

आता कुणी घर कुठलं विचारलं की मी हिंगोलीची लाईन सांगते. बापू असते तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं असतं.

पुण्याला आल्यावर हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला आणि बापूंना फ्रिजवरून उतरवलं. पाहुणे विचारतात, फोटो इतका खाली का. डायनिंग टेबल आहे, पण याडी आणि मी त्या फोटोसमोर जमिनीवरच जेवायला बसतो.