डाव्या विंगरचा भाव

आश्रमशाळेत मी अभ्यासापेक्षा हॉकीच जास्त शिकलो आणि नववीत शाळा सोडली. घर पार अक्कलकुव्याच्या डोंगरात. भुसावळला केळीचे व्यापारी असलेल्या नानांनी आपल्या गोदामात काम दिलं, मागची खोली दिली, त्यांच्या पत्नी अक्कांच्या हातचं जेवण दिलं. बदल्यात रविवारी त्यांच्या संघात डाव्या विंगला पळायचं. एवढं सुख मला पेलायचं नाही. कुणी नुसतं "इकडे ये" म्हटलं तरी वाटायचं, निघाली आपली वळकटी.

त्या रविवारी सामना धुळ्याला, देवपूरच्या मैदानावर. तिथला संघ आबांचा, आणि आबा म्हणजे नानांच्या लेकीचे सासरे. मी शेजारीच बुटांच्या नाड्या बांधत होतो. आबांनी मोबाईलवर माझाच व्हिडिओ लावला आणि अहिराणीत व्याह्यांना म्हणाले,

"याही, हाऊ गडी आमले द्या. बदलामा आमना उजवा विंगर ल्या. घोडा शे घोडा!"

हातातली नाडी सुटली. लेकीच्या सासऱ्याला नाना नाही कसं म्हणणार?

नाना म्हणाले, "तुमचा घोडा, अन् आमचं हे खेचर. कशाला फसता? गुडघा दुखतो याचा. गोल जवळ आला की घाबरतो. अन् भाकरी? आमची मंडळी थापून थापून थकते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघा तर माझा कधीच दुखला नव्हता. मग ध्यानात आलं: एखादा चांगला घड घरी ठेवायचा असला की नाना व्यापाऱ्यासमोर त्यालाही अशीच नावं ठेवतात.

आता पंचाईत निराळीच. चांगला खेळलो तर नाना खोटे पडणार आणि माझी खोली जाणार; वाईट खेळलो तर त्यांचा संघ हरणार. मध्यंतरापर्यंत मी चेंडूपासून लांब लांबच राहिलो.

"झोपला का रे?" नाना काठावरून ओरडले.

पुढे चेंडू माझ्याकडे आलाच, आणि समोर मोकळं मैदान. पायांना कोण सांगणार? पळालो, रेषेजवळून पास दिला आणि आमच्या सेंटर फॉरवर्डनं गोल ठोकला.

आबा हसायलाच लागले. "याही! गुडघा दुखस ना याना?"

"उतारावर नाही दुखत," नाना म्हणाले. मैदान सपाट होतं.

"ऱ्हाऊ द्या, समजनं. तुमना गडी तुमलेच ऱ्हाऊ द्या. पण सुनबाईले सांगसू, तुना बाप लबाड शे."

नानांनी हात जोडले. मी मात्र त्यानंतर असा सुटलो, की थेट आबांच्या घोड्यालाच जाऊन धडकलो. पंचांनी शिट्टी वाजवून मला बाहेर बसवलं.