अक्कांची दुसरी खिडकी

सर्व्हरची सेटिंग बदलायची म्हटली की अक्का आधी कीबोर्डवरून हात उचलायच्या आणि दोन बोटं दाखवायच्या. "स्क्रीनवर दोन खिडक्या. एकीत सर्व्हरच्या आत बसून राहायचं, दुसरीतून नव्याने दार वाजवून बघायचं. आपणच बाहेर अडकलो तर आत कोण घेणार, तुझा सासरा?"

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. आमच्या नारायणगुड्याच्या ऑफिसात त्या होत्या. मूळच्या गौलीगुड्याच्या. घरी मराठी, गल्लीत दख्खनी, भाजीवाल्याशी तेलुगू, आणि तिन्ही एकाच वाक्यात आल्या तरी त्यांना पत्ता नसे. मी पुण्याहून आलेला, म्हणून मला नाव न घेता "पुणेकर".

आमचं काम असं की शहरातल्या लॅब रुग्णांचे रिपोर्ट आमच्या लिनक्स सर्व्हरवर पाठवतात आणि तिथून ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे जातात. प्रत्येक लॅबला अक्कांनी सर्व्हरवर वेगळी खोली करून दिली होती. पासवर्ड बंद. ज्याची डिजिटल किल्ली त्यालाच प्रवेश, आणि शेजारी आणखी खोल्या आहेत हेसुद्धा दिसायचं नाही. एका लॅबचे मालक वैतागून आले. "मॅडम, एवढी कटकट कशाला? सगळ्यांना सगळं उघडं ठेवा ना."

"ठेवते की," अक्का म्हणाल्या. "समोरच्या लॅबवाल्याला तुमचे पेशंट कोण तेपण कळेल. चालतंय?"

मालक चहा पिऊन गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग अक्कांच्याच मानेला गाठ आली. तुकडा काढून तपासायला गेला दिलसुखनगरच्या लॅबमध्ये, आणि ती लॅब आमचीच गिऱ्हाईक. पावतीवरचा नंबर अक्कांना पाठ होता. एका सकाळी आलेल्या फाइलींमध्ये तो नंबर दिसला.

"आला बघ," त्या म्हणाल्या.

सर्व्हरचं मुख्य खातं त्यांच्या हातात. एक कमांड दिली की रिपोर्ट समोर. मलाच राहवेना. "अक्का, उघडा ना. तुमचाच तर आहे."

"नक्को. डॉक्टरांसाठी आलाय, त्यांना वाचू दे."

"पण जीव टांगणीला लागलाय तुमचा."

"हौ, लागलाय. म्हणून माझ्यासाठी कुलूप वेगळं? अरे हौले, वेड्या, इथे येणारा प्रत्येक रिपोर्ट कुणाचा तरी जीव टांगूनच येतो."

मग त्यांनी एका नव्या लॅबची खोली तयार करायला घेतली. तेव्हाही खिडक्या दोन उघडल्याच. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "हौ सर, हौ सर," एवढंच बोलल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "कॅन्सर आहे म्हणे." रडू मला आलं, त्यांना नाही. त्या दिवशी मला त्या बाईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आजवर कुणाचाच वाटलेला नाही.

उपचारांसाठी पुण्याला मुलीकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी काय करावं? सर्व्हरवरून स्वतःचीच किल्ली काढून टाकली. एका खिडकीत मला आत बसवलं आणि दुसरीतून स्वतः दार वाजवलं. परवानगी नाही, असं उत्तर आलं. "आता पक्कं झालं," म्हणाल्या, आणि खुशीत पर्स उचलली.

आता त्या बऱ्या आहेत. केस परत आलेत. पुण्यात इथल्यासारखा इराणी चहा मिळेना म्हणून कुरकुरतात. मी पुण्याचा इथे आणि त्या इथल्या तिथे. त्यांच्या खुर्चीत मी बसतो, नव्या लोकांना दोन बोटं दाखवतो, सासऱ्यासकट.

कधीतरी सकाळी सर्व्हरच्या नोंदी बघताना त्यांच्या जुन्या खात्याचं नाव दिसतं आणि पुढे, प्रवेश नाकारला. पुण्यात बसून अक्कांनी जुनी किल्ली लावून बघितलेली असते. थोड्या वेळाने फोन वाजतो.

"पुणेकर, अजून आत घेत नाहीस मला. शाब्बास."