भरा, फिरवा, सोडा

गोकुळ मारकड पशुखाद्याच्या कारखान्यात मिक्सरवर लागले, तेव्हा त्यांची लेक प्रतिक्षा अंगणवाडीत जात होती. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. आज्यापर्यंत कळप होता, पुढं निमगाव केतकीच्या शिवारात जमीन झाली, आणि पाळीची नोकरी करणारा घरातला पहिला माणूस म्हणजे गोकुळ. शिक्षण दहावीपर्यंतच, पण वाचायचा मोठा नाद. कामावरून आले की पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, तोही मोठ्यानं, म्हणजे चुलीपाशी बसलेल्या बायकोला, भामाबाईंना, ऐकू जावा. प्रतिक्षा आणि सारी आळी त्यांना आप्पा म्हणायची.

इंदापूरच्या एमआयडीसीतला तो कारखाना तसा लहानच. मका आणि सरकीची पेंड दळायची, मिक्सरात भरायची, वरून उसाची मळी सोडायची, मीठ-युरिया टाकायचा, सगळं एकजीव होईपर्यंत फिरवायचं आणि खाली सोडायचं. खाली त्याची गोळी पडून पोती भरायची. हे सगळं चालायचं एका लोखंडी पेटीवरून. पेटीवर दिवे, बटणं आणि मुठी. त्यांच्याखालची नावं कधीच पुसून गेलेली. आप्पांना त्यांची गरज नव्हती. ते तोंड फिरवून कुणाशी बोलत असले तरी हात बरोबर जागेवर जायचा.

पेटी जुनी झाली, सुटे भाग मिळेनात, तेव्हा मालक विजयसिंहदादांनी टचस्क्रीन बसवायचं ठरवलं. प्रतिक्षा त्या वेळी डिप्लोमा करून बारामतीत एका वर्कशॉपमध्ये लागली होती. तिथं मशीनचे पॅनल बनायचे आणि त्यांचे प्रोग्रॅम ती पायथॉनमध्ये लिहायची. आप्पांनी दादांपाशी लेकीचं एवढं कौतुक केलं, की काम तिच्याच वर्कशॉपला मिळालं.

स्क्रीन लहान होता आणि दाखवायचं पुष्कळ होतं. म्हणून तिनं मधे एकच मोठं बटण ठेवलं आणि त्याच्यावरचं लेबल मशीनच्या अवस्थेप्रमाणे बदलेल असं केलं. मिक्सर रिकामा असला की ‘भरा’, भरला की ‘फिरवा’, फिरू लागला की ‘सोडा’. पहिल्या खेपेला लेबल बदलेचना. तिचा प्रोग्रॅम मशीनला सारखा विचारत राहायचा आणि त्या नादात स्क्रीन गोठून जायचा. मग तिनं अर्ध्या अर्ध्या सेकंदानं विचारायचं आणि मधल्या वेळात स्क्रीनला मोकळं सोडायचं, अशी रचना केली आणि शब्द पाण्यासारखे बदलू लागले. ते मराठीच पाहिजेत हा आप्पांचा हट्ट, आणि कुठला शब्द ठेवायचा तेही त्यांनीच सांगितलं. स्क्रीन बसला त्या दिवशी ते बराच वेळ नुसते बघत उभे होते. पाटी सवताच बोलती, असं ते घरी येऊन भामाबाईंना म्हणाले.

वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी गोठ्यात धार काढताना आप्पांचं डोकं भणाणलं आणि उजवीकडचं दिसेना. इंदापुरातल्या डॉक्टरांनी बारामतीला न्यायला सांगितलं. मेंदूत बारीक गुठळी झाली होती. पण हात चालत होते, पाय चालत होते, बोलणं साफ होतं. भामाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. थोड्याशावर निभावलं, असं भेटायला येणारा जो तो म्हणाला, आणि प्रतिक्षालाही तसंच वाटलं. आप्पा पुन्हा कामावर जाऊ लागले.

पेपर मात्र घडी न मोडता पडून राहू लागला. डोळे दुखतात म्हणाले. इंदापूरच्या स्टँडवर समोर बारामतीची गाडी उभी असताना त्यांनी शेजारच्या बाईला ती कुठली म्हणून विचारलं. प्रतिक्षा सोबत होती. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये विजयसिंहदादांचा फोन आला. मिक्सरातून माल अर्धवट फिरूनच खाली येत होता. पोत्यांवर काम करणाऱ्या सोपानच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर युरियाचे खडे तसेच कुणाच्या तरी गाईच्या पोटात गेले असते. आप्पांच्याच पाळीत असं तीनदा झालं होतं. त्यांच्या हातून चूक होईल हे दादांना पटत नव्हतं, म्हणजे स्क्रीनवरची पाटीच चुकत असणार, असं त्यांचं म्हणणं. वर्कशॉपच्या मालकांनी प्रतिक्षाला लगोलग पाठवलं.

तिनं लॅपटॉप जोडून सगळं तपासलं. मशीन जे सांगत होतं तेच लेबल दाखवत होतं, प्रत्येक वेळी. शेवटी ती आप्पांच्या मागं जाऊन उभी राहिली.

मिक्सर भरला. पाटीवर ‘फिरवा’ आलं. आप्पा खाली वाकले, आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट उचलून, पहिलीच्या मुलानं पाटीवर गिरवावं तसं, ‘फ’च्या दांडीवर टेकवलं. बोट टेकताच मिक्सर फिरू लागला आणि बोटाखालचा शब्द बदलला. आप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. क्षणभर थांबून, नवा शब्द काय आलाय ते बघायला त्यांनी बोट पुन्हा हळूच पुढं केलं. तिनं त्यांचं मनगट धरलं. पाटीवर ‘सोडा’ होतं.

सोपानला मिक्सरपाशी थांबवून ती त्यांना बाहेर गाड्यांच्या शेडमध्ये घेऊन गेली.

“आप्पा, तुम्हाला ते वाचता येत नाही?”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. मग म्हणाले, “अक्षरं दिसत्यात गं. चांगली ठळक दिसत्यात. पण कानडी बोर्डावानी वाटतंय समदं. बोटानं गिरवलं की मग कुठं एकेक उमजतं.”

तिनं त्यांच्या हातात पेन दिलं. खिशातल्या एसटीच्या तिकिटामागं त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तिचं पूर्ण नाव लिहिलं. ते वाचा म्हटल्यावर तिकिटाकडं बघत राहिले आणि त्यांना ते येईना. स्वतःच्याच हातानं आत्ता लिहिलेलं. भरा, फिरवा, सोडा हा क्रम त्यांना पाठ होता. पण मळी कमी पडली, मोटर तापली की त्याच जागी दुसरा शब्द यायचा. म्हणून ते दर वेळी खात्री करायला जायचे, आणि गिरवायला टेकवलेलं बोट म्हणजे मशीनच्या लेखी दाबलेलं बटण.

“आईला सांगू नगंस,” ते म्हणाले.

स्क्रीनमध्ये थोडी सुधारणा करावी लागेल, तोवर सोपानला मिक्सरवर राहू द्या, असं दादांना सांगून ती परतली. आपण खोटं बोललो की नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

रविवारी घरी तिनं लॅपटॉप मांडला. आधी शब्दांमागं रंग दिले. पण आप्पा हिरव्याला तांबडा म्हणाले, पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा चुकले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. मग शब्द बोलून दाखवावेत असं तिला सुचलं, पण दळणाच्या घरघरीत तिथं शेजारचा माणूस ऐकू येत नाही. शेवटी तिनं बदलतं बटणच काढून टाकलं. प्रत्येक कामाला वेगळी, न हलणारी जागा दिली, जुन्या पेटीवर होती तशी. आप्पांनी भराभरा सगळं बरोबर करून दाखवलं. भामाबाई भाकरी थापता थापता बघत होत्या. बापलेकींचं काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यावरून प्रतिक्षाला कळलं, की त्यांना आधीच कळलंय.

सोमवारी दोघं दादांच्या केबिनमध्ये गेली. नवी मांडणी बघून दादांनी साधाच प्रश्न विचारला. आधीची पाटी चुकत होती का? हो म्हणावं तर वर्कशॉपचं नाव जातं आणि आप्पा न वाचता मिक्सरवर उभे राहतात. नाही म्हणावं तर आप्पांचं काम जातं.

“पाटी बरोबर हाय, दादा,” आप्पाच म्हणाले. “पोरीचं काय चुकलं न्हाय. मलाच वाचता येईना झालंय.”

दादांना आधी ती थट्टा वाटली. मग प्रतिक्षाचा चेहरा बघून ते खुर्चीत बसले. दवाखान्याचं, डॉक्टरांचं सगळं विचारून घेतलं. प्रतिक्षा धीर करून म्हणाली, की नव्या मांडणीवर आप्पा एकही चूक करत नाहीत, हवं तर समोर उभं राहून बघा.

दादा हलक्या आवाजात बोलले. “बटणांचं ठीक हाय गं. पण उद्या कुणी मिक्सर धुवायला आत उतरला, आणि बटणावर कुणी चिठ्ठी लावली असली, चालू करू नका म्हणून, तर? आप्पा, तुम्हीच सांगा.”

आप्पांनी मान खाली घातली. लेबलं प्रतिक्षाच्या हातात होती, स्क्रीनवरचा कुठलाही शब्द ती पाहिजे तेव्हा पाहिजे तसा बदलू शकत होती. पण कारखान्यात भिंतींवर, पोत्यांवर, औषधाच्या डब्यांवर लिहिलेलं होतं, आणि ते तसंच राहणार होतं. दादांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून त्यांच्यावर चिडताही येईना.

आप्पांना पोती शिवायच्या मशीनवर बसवलं. बारामतीच्या डॉक्टरांकडं प्रतिक्षा दर महिन्याला त्यांना घेऊन जायची. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. सरावानं थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही. पहिल्यासारखा पेपर वाचीन का, असं आप्पांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडू नका म्हटलं, आणि आप्पांनी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर सोपानची तक्रार आली. त्याला लेबलं आखूड हवी होती, लांबून दिसतील अशी. काही इंग्रजी आकडे हवे होते. प्रतिक्षा पुन्हा इंदापूरला गेली आणि सकाळभर स्क्रीनपाशी बसून शब्द बदलत राहिली. ‘मळी संपत आली, भरून घ्या’ हे आप्पांचं वाक्य होतं. तिथं तिनं नुसतं ‘मळी कमी’ केलं. पलीकडं शिलाईच्या मशीनवर आप्पा पोत्यांची तोंडं शिवत होते. काम झाल्यावर सोपान खूश होऊन तिला चहा सांगू लागला. तिनं नको म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत आप्पा हात धुऊन तिच्याशेजारी येऊन बसले. भामाबाईंनी दिलेला डबा त्यांनी दोघांत वाटून घेतला. भाजीत मीठ जास्त पडलंय म्हणाले. चारच्या गाडीनं जा, नंतर गर्दी होती म्हणाले. शिवायच्या सुईनं त्यांच्या अंगठ्याजवळ टोचलं होतं, तिथं हळद लावलेली दिसत होती. त्याबद्दल तिला विचारायचं होतं, पण तेवढ्यात भोंगा झाला आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठले.